ओळख पटेपर्यंत

त्यांचं नाव मी लिहिणार नाही. त्यांना ते चाललं नसतं, आणि नुसतं आडनाव लिहिलं तरी डब्लिनमधला कुठलाही मराठी माणूस दोन मिनिटांत "अच्छा, ते ओंगारचे?" असं म्हणेल. फोटोचा तर प्रश्नच नाही. त्यांच्या घरात मी दोन वर्षं भाड्याने राहिले, त्यांच्या हातची खिचडी खाल्ली, त्यांच्याशी कडाकडा भांडले, आणि माझ्याकडे त्यांचा एकही फोटो नाही. मी त्यांना दादा म्हणायचे. इथेही तेच म्हणते.

मी पुण्याहून नवीन आले होते तेव्हाची गोष्ट. भाड्याच्या एकेका घरासमोर चाळीस-चाळीस माणसं रांग लावून उभी असायची. ऑफिसातल्या एका मुलीने सांगितलं, शहराच्या टोकाला ओंगारला एक मराठी गृहस्थ आहेत, एकटेच राहतात, वरची लहान खोली देतात, पण माणूस जरा विचित्र आहे. मी गेले. दार उघडून त्यांनी नावही विचारलं नाही. म्हणाले, "फोन आहे?"

"आहे."

"द्या."

मी वेड्यासारखा दिला. त्यांनी तो स्वयंपाकघरात नेला, प्रेस उघडला (इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि दादाही वीस वर्षांत तसंच म्हणायला लागले होते) आणि आतल्या एका स्टीलच्या डब्यात टाकून झाकण घट्ट लावलं. "यात रेंज येत नाही. सात डबे तपासले, हा एकच खरा निघाला. आता बोला. नाव काय तुमचं?"

घरात येणाऱ्या प्रत्येकाचा फोन त्या डब्यात जायचा. गॅस बॉयलर दुरुस्त करायला येणारा आयरिश माणूससुद्धा पहिल्या खेपेला "अह, युअर मॅन इज ग्रँड, जस्ट अ बिट मॅड" असं मला हळूच म्हणाला ('युअर मॅन' म्हणजे इथे नुसतं 'तो माणूस') आणि दुसऱ्या खेपेपासून स्वतःहून प्रेस उघडायला लागला.

दादा कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या प्लांटमध्ये होते. दुसऱ्यांनी केलेल्या कामात चूक शोधणं हीच त्यांची नोकरी. एखादी गोष्ट बरोबर आहे असं कोणी म्हटलं की ते विचारायचे, "खात्री केलीस?" दूध संपलं म्हटलं तरी खात्री केलीस, बाहेर पाऊस आहे म्हटलं तरी खात्री केलीस. सुरुवातीला मला वाटायचं, हा माणूस आपल्याला खोटं पाडतोय. मग कळलं, त्यांना तसं काही म्हणायचंच नसायचं. विश्वास ही त्यांच्या मते भावना नव्हतीच, तपासण्याची वस्तू होती.

अमेरिकन कंपन्यांची नावं त्यांनी कधी तोंडातून काढली नाहीत. ते म्हणायचे, 'पलीकडचे'. समुद्राच्या पलीकडचे. गंमत अशी की त्या पलीकडच्यांची युरोपातली मोठमोठी ऑफिसं डब्लिनच्या नदीकाठीच आहेत, आणि त्यातल्याच एका ऑफिसात, लोक जाहिरातीवर किती सेकंद थांबतात हे मोजायला, मी येऊन बसले होते. हे कळल्यावर दादा खोली देणार नाहीत असं मला वाटलं. त्यांनी उलट लगेच दिली. "शत्रूकडचं माणूस घरात असलेलं बरं," म्हणाले. मग रोज संध्याकाळी मी दारातून आत आले की विचारायचे, "काय, आज किती लोकांना विकलं?" आणि मी म्हणायचे, "तुम्हाला सोडून सगळ्यांना." हे आमचं दोन वर्षं चाललं.

त्यांचा स्वतःचा फोन युरोपातल्या एका छोट्याशा कंपनीचा होता. फोनही युरोपातला आणि आतली सिस्टीमही युरोपातली, पलीकडच्यांचा एक दाणाही नाही, असं ते अभिमानाने सांगायचे. तो फोन विटेएवढा जड होता. नकाशा उघडायला इतका वेळ लागायचा की तोवर आपण पत्ता विचारून पोचलेलो असायचो. पण दादा तो दोन्ही हातांनी धरायचे. म्हणायचे, "देशाला सीमा असते, सैन्य असतं, न्यायालय असतं. आणि त्या देशातला प्रत्येक माणूस खिशात दुसऱ्याच्या मालकीची वस्तू घेऊन हिंडतो. मग सार्वभौम कोण?" हा 'सार्वभौम' शब्द ते इतका जपून उच्चारायचे की मला हसू यायचं. आता येत नाही.

बँकेने त्यांचा छळ केला. जवळच्या ब्लँचर्डस्टाउनची शाखा आधी अर्धी बंद झाली, मग सगळं ॲपवर गेलं, आणि ते ॲप दादांच्या फोनवर चालेना. उघडलं की एकच वाक्य यायचं: हे उपकरण विश्वासार्ह नाही. दादा शाखेत गेले, मी सोबत होते. काउंटरवरच्या मुलीला त्यांनी अर्धा तास समजावलं की हा फोन तिच्या फोनपेक्षा सुरक्षित आहे, आणि फरक इतकाच की पलीकडच्यांनी त्याला शिक्का दिलेला नाही. युरोपातल्या बँकेने युरोपातल्या फोनवर विश्वास ठेवायचा की नाही, हे अमेरिकेने का ठरवायचं? मुलगी चांगली होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "शुअर, कुड यू नॉट जस्ट गेट अ नॉर्मल फोन?"  घरी आल्यावर दादांनी बँकांच्या सरकारी नियामकांना शाईने चार पानी पत्र लिहिलं. अशा पत्रांची त्यांची एक जाड फाइल होती. उत्तरं यायची, ती सगळी एकसारखी असायची.

त्याहून मोठा घाव मात्र आपल्याच माणसांनी घातला. त्या छोट्या कंपनीच्या कुठल्याशा कागदपत्रात दादांना एक ओळ सापडली. कंपनीचे सर्व्हर कंपनीचे नव्हतेच, ते पलीकडच्यांकडून भाड्याने घेतलेले होते. दादांचा बॅकअप, आईचा फोन नंबर, सगळं इतकी वर्षं पलीकडच्यांच्याच घरात राहायला होतं. दोन दिवस ते जेवले नाहीत. मी म्हटलं, "दादा, सोडा ना आता. कोणीच तसं नसतं." ते म्हणाले, "तेच तर मला सहन होत नाही."

त्यानंतर त्यांनी बॅकअप ठेवणं बंद केलं. अनोळखी नंबरचे कॉल बंद केले, निरोपांना मुदत घातली. ओळखीच्या माणसाचा निरोप आठवड्याने, अनोळखी माणसाचा एका दिवसाने आपोआप पुसला जायचा, आणि तो दोन्हीकडच्या फोनवरून पुसला जायचा. "जे ठेवलंच नाही, ते कोणी चोरू शकत नाही," म्हणायचे.

याच सुमारास वर्ध्याहून त्यांची आई तीन महिने राहायला आली. पंचाहत्तरीची, किरकोळ अंगाची बाई. बोलण्याआधी जिभेने 'च्च' असा बारीक आवाज करायची, आणि मग म्हणायची, "बापू." आल्या आल्या तिने प्रेस उघडला आणि डबा बाहेर काढला. "काऊन रे बापू, इतका चांगला डबा, आन् त्यात फोन काऊन ठेवून राहिला? पोहे कुठी ठेवू मी?" दादांनी तिला पाऊण तास पलीकडच्यांबद्दल सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि मला म्हणाली, "लहानपणीही असाच होता. शाळेतून आला का दप्तरातलं सगळं मोजे."

ती स्वतः अगदी दुसऱ्या टोकाची. तिसऱ्या दिवशी तिने घराची जादा किल्ली शेजारच्या आयरिश म्हातारीला देऊन टाकली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. दादा हादरले. "आई, तू तिला ओळखतेस तरी का?" ती म्हणाली, "तिच्या हाती किल्ली दिली ना, आता ओळखतो." दादांनी कुलूप बदललं. म्हातारीने आणून दिलेला स्कोन, इथला गोडसर पाव, मात्र खाल्ला.

दादांची सख्खी बहीण नागपूरला. तिच्याशी त्यांचं बोलणं तुटलेलं होतं. कारण सांगायला लाज वाटावी इतकं लहान. आईच्या पंचाहत्तरीला तिने आई आणि दादांचा फोटो स्टेटसला लावला. दादांनी काढ म्हटलं, ती म्हणाली आई माझीपण आहे. तिचा नंबर दादांनी पुसून टाकला. म्हणजे भारतात त्यांचं उरलं एकच माणूस, आई, आणि त्या माणसाला त्यांनी आपल्यासारखाच युरोपातला फोन घेऊन दिला. त्याची सगळी सोय स्वतःच्या हाताने केली. फोन हरवला, बदलला, तर नव्या फोनवर खातं उघडण्याचा सहा आकडी कोड दादांच्या नंबरवर येईल, अशी त्यांनी व्यवस्था केली. आईकडून कोणी कोड काढून घेऊ नये म्हणून.

आई परत जायच्या आदल्या दिवशी दुपारी दादांनी मला स्वयंपाकघरातून बाहेर जायला सांगितलं. हल्ली माणसाचा आवाज हुबेहूब बनवता येतो, तर आई आणि मी आमच्यात एक शब्द ठरवतोय, म्हणाले. शंका आली की तो विचारायचा, तो बरोबर आला तरच पुढे बोलायचं. मी जिन्यात बसले. आतून आईचं खळखळून हसणं ऐकू आलं, आणि मग दादांचंही. दोन वर्षांत मी त्यांना असं हसताना ऐकलं नव्हतं. तो शब्द कोणता होता, ते मला आजही माहीत नाही.

पुढे माझं लग्न झालं, आम्ही जवळच ल्यूकनला घर घेतलं, मुलगी झाली. दादांकडे अधूनमधून जायचे. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला त्यांना बोलावणं जात नसे, कारण बोलावणं ग्रुपवर जायचं आणि ते ग्रुपवर नव्हते. कोणी मुद्दाम टाळत नव्हतं. ते लोकांच्या लक्षातच येत नसत. माझी मुलगी (इथली मुलं आईला मॅम म्हणतात) एकदा म्हणाली, "मॅम, इज युअर मॅन नॉट ऑन एनीथिंग?" मी म्हटलं, नाही. तिला वाईट वाटलं.

मागच्या वर्षीची गोष्ट. शनिवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेले होते. दादा खुशीत दिसले. इतक्या वर्षांत प्रथमच त्यांनी स्वतः डबा उघडून आपला फोन टेबलावर ठेवला. "बघ," म्हणाले, "आले शेवटी माझ्या दारात."

भारतातल्या एका अनोळखी नंबरवरून निरोप होता. 'दादा, आईचा फोन पडून फुटला. नवीन घेतला आहे. तुझ्या नंबरवर सहा आकडी कोड आला असेल, तो लगेच पाठव. आईला तुझ्याशी बोलायचं आहे.' हे अगदी पाठ्यपुस्तकातलं होतं. जगातल्या प्रत्येक बँकेने, प्रत्येक ऑफिसने, आमच्या ऑफिसनेसुद्धा, लोकांना हेच बजावलेलं असतं: घरचं माणूस असल्याचं सांगून कोड मागतील, देऊ नका. दादांनी दिला नव्हता. त्यांनी उलट लिहिलं होतं, 'आईला शब्द विचार.'

"आणि मग काय पाठवलंय ऐक," असं म्हणून त्यांनी बटण दाबलं.

च्च. "बापू. मी दवाखान्यात हाव रे. तो शब्द मले आठवूनच नाही राहिला. तू सांग ना, तू सांगशील तो म्हणतो मी. ये बरं तू."

दादा माझ्याकडे पाहत होते. "बघितलंस? शब्द माझ्याकडूनच काढून घ्यायला बघतायत. हुशार आहेत." मग त्यांनी वर्ध्याच्या घरचा फोन लावला. तो वाजत राहिला. "भजनाला गेली असेल," म्हणाले. मोबाइल लावला, तो बंद होता. "चार्जिंग विसरते. नेहमीचंच." आणि मग त्यांनी मला असं काही विचारलं, जे त्याआधी कधीच विचारलं नव्हतं. "तुझं हेच काम. तुला काय वाटतं?"

मला काय वाटलं, ते मी इथे लिहिते, कारण दुसरीकडे कुठे सांगायची माझी हिंमत झाली नाही. मला पहिल्याच 'च्च'ला कळलं होतं. तीन महिने मी तो आवाज सकाळ-संध्याकाळ ऐकला होता. श्वास कुठे अडतोय, तेही मला कळलं. पण दादांनी मला मत विचारलं होतं. ज्या माणसाने माझ्या हुद्द्याची कायम टिंगल केली, तो मला जाणकार समजून विचारत होता. आणि त्याच आठवड्यात ऑफिसात बनावट आवाजावर मोठी मीटिंग झालेली, तिथले सगळे शब्द माझ्या तोंडात तयार होते. मी म्हटलं, "जमतं दादा आजकाल. दहा सेकंदांचा नमुना पुरतो. लकबीसकट बनवतात."

त्यांनी मान डोलावली आणि तो नंबर ब्लॉक केला. मग आम्ही चहा प्यायलो. निघताना मला वाटलं, म्हणावं, दादा, तरी एकदा बहिणीला कोणाकडून तरी विचारा. म्हटलं नाही. मुलीच्या पोहण्याच्या क्लासला उशीर होत होता.

बुधवारी ऑफिसात जेवताना मंडळाच्या ग्रुपवर निरोप आला. नागपूरहून कोणाच्या तरी ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर, तिथून तिसऱ्या, असा फिरत फिरत तो आला होता. ओंगारला राहणारे वर्ध्याचे अमुक यांच्याशी कोणाचा संपर्क असल्यास तातडीने कळवावे, त्यांच्या मातोश्रींचे आज सकाळी निधन झाले. खाली बहिणीचा नंबर. त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती. त्यातल्या बहुतेकांनी दादांबद्दल नुसतं ऐकलं होतं, पाहिलं कधीच नव्हतं.

मी बहिणीला फोन केला, मग ओंगारजवळच्या क्लॉन्सिला स्टेशनची ट्रेन पकडली. दादांनी दार उघडलं आणि सवयीने हात पुढे केला. "फोन."

मी तो निरोप उघडाच ठेवून फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी उंबऱ्यात उभ्यानेच वाचला.

"खात्री केलीस?"

"बहिणीशी बोलले मी."

"तिचा आवाज ओळखलास?"

"दादा."

"आवाज ओळखलास का?"

"मी त्यांना आधी कधी ऐकलेलंच नव्हतं."

 माझ्याच फोनवरून त्यांनी नंबर लावला. फोनवर बहीण रडत नव्हती. रडून झालं असावं. तिचं बोलणं मला शेजारी उभं राहून स्वच्छ ऐकू येत होतं. ती म्हणाली, "शेवटपर्यंत ती शब्द आठवत बसली होती रे. मला विचारायची, तुले माहीत आहे का. नर्सला विचारायची. काही आठवलं की म्हणायची, हा पाठवून पाह्य बरं. मी सगळे पाठवले. तुझ्यापर्यंत एकही गेला नाही का?"

 दादा फोन माझ्या हातात देऊन आत गेले, आणि मी ऐकलं, त्यांनी नळ सोडला होता आणि तो तसाच चालू ठेवला होता.

तेराव्यानंतर ते वर्ध्याहून परत आले. मी भेटायला गेले तर टेबलावर नवा फोन होता, सगळ्यांकडे असतो तसा, पलीकडच्यांचा. डब्यात पोहे होते. फोन विचारेल त्या प्रत्येक गोष्टीला ते 'मान्य' दाबत होते, न वाचता, एकामागून एक. लोकेशन, माइक, फोटो, सगळं. मला ते पाहवेना. मी म्हटलं, दादा, हे तरी बंद ठेवा. ते म्हणाले, "कशाला? आता त्यांच्यापासून काय लपवायचंय?"

मग त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "तुझ्या ऑफिसात एक विचारशील? तुमचे लोक सगळं साठवतात. तो आईचा निरोप कुठेतरी असेल ना? बहिणीकडूनही पुसला गेला. मुदत मीच घातली होती ना, एक दिवसाची. तिच्याकडे लग्नातला एक व्हिडिओ आहे, त्यात आई दिसते, पण बँड वाजतोय."

 तो निरोप आमच्याकडे येणारच नाही, कुणाकडेच येणार नाही, अशी व्यवस्था त्यांनीच केली होती, आणि ती पक्की होती. मी म्हटलं, "नाही दादा. कुठेच नाही."

"विचारून तर बघ."

"नाही. तुम्हाला माहीत आहे."

त्यांना माहीत होतं. ते खिडकीबाहेर बघू लागले. समोरच्या घराशी एक बाई पिशव्या गाडीतून काढत होती. मग म्हणाले, "तू ऐकलं होतंस. माझ्याबरोबर. तिने नेमकं काय म्हटलं होतं, तुला आठवतं?"

मी म्हणून दाखवलं. माझ्या पुणेरी तोंडाने, जमेल तसं. बापू, मी दवाखान्यात हाव रे. तो शब्द मले आठवूनच नाही राहिला. तू सांगशील तो म्हणतो मी. ये बरं तू. त्यांनी मला ते पुन्हा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा म्हणायला लागले, तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"एक खरं सांग," ते म्हणाले. "तेव्हा तुला खरंच वाटलं होतं ना, की तो आवाज बनवलेला आहे?"

"हो," मी म्हटलं.

"हं," म्हणाले. "तुलाही कळलं नाही, तर मला कसं कळणार." आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, पुढे काहीही न विचारता, त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.